जुने कोरियन भयपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन भयपट म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना 'ट्रेन टू बुसान' आठवतो. त्याच्या मागे किती जुनी परंपरा उभी आहे हे सांगायला लागलं की समोरून येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. तेच इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे. काही ठिकाणी कथानक उलगडावं लागलं आहे, पण शेवटचे धक्के शक्य तिथे राखून ठेवले आहेत.

'जुने' म्हणजे नेमके कधीचे?

ढोबळमानाने १९६० ते १९८६ या काळातले. कोरियाचं युद्ध १९५३ साली थांबलं, त्यानंतर सोलमध्ये सिनेमाचा धंदा भराभर वाढला आणि साठचं दशक हा तिथल्या सिनेमाचा सुवर्णकाळ ठरला. सत्तरच्या दशकात टीव्ही आणि सेन्सॉर या दोघांनी मिळून तो बहर ओसरवला. १९९८ साली नव्या पिढीने हा प्रकार पुन्हा उभा केला, तिथून पुढचे चित्रपट 'नवे'. या लेखात मुख्यतः जुन्यांविषयी आहे.

सगळ्यात पहिला कोरियन भयपट कोणता?

१९२४ साली आलेला 'जांगह्वा आणि होंगर्यन' हा मूकपट. त्या वेळी कोरियावर जपानचं राज्य होतं आणि सिनेमाच्या धंद्यावरही जपानी लोकांचाच ताबा होता. अशा काळात सोलच्या दानसोंगसा या चित्रपटगृहाने कोरियन माणसं घेऊन हा चित्रपट काढला. तो आज उपलब्ध नाही. पण त्याची गोष्ट सगळ्या कोरियाला तोंडपाठ आहे, आणि ती माहीत असेल तर पुढचे निम्मे भयपट आपोआप कळतात. म्हणून ती सविस्तर सांगतो.

उत्तरेकडच्या चोलसान गावी बे नावाच्या माणसाला दोन मुली. थोरली जांगह्वा, म्हणजे गुलाब. धाकटी होंगर्यन, म्हणजे तांबडं कमळ. आई वारली आणि घरात सावत्र आई आली. जांगह्वाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा सावत्र आईने एक उंदीर मारून त्याची कातडी सोलली आणि तो रक्ताळलेला गोळा जांगह्वाच्या अंथरुणात ठेवला. मग नवऱ्याला बोलावून दाखवला : बघा, तुमच्या लाडक्या लेकीचा गर्भ पडला. बापाने विश्वास ठेवला. मामाच्या घरी पाठवतो असं सांगून जांगह्वाला रात्री बाहेर काढलं आणि सावत्र भावाने तिला तळ्यात ढकललं. बहिणीच्या विरहाने होंगर्यननेही त्याच तळ्यात जीव दिला.

त्यानंतर गावात जो नवा न्यायाधिकारी येई तो पहिल्याच रात्री मरून पडे. मुली त्याच्यापुढे यायच्या आणि तो घाबरून मरायचा. शेवटी एक धीराचा अधिकारी आला. मुली आल्या तेव्हा तो जागेवरून हलला नाही. त्याने विचारलं, तुम्ही कोण आणि तुमचं म्हणणं काय? दुसऱ्या दिवशी त्याने सावत्र आईला बोलावलं. तिने जपून ठेवलेला तो वाळका 'गर्भ' पुरावा म्हणून पुढे केला. अधिकाऱ्याने सुरीने त्याचं पोट चिरलं. आत उंदराच्या लेंड्या होत्या.

ही एकच गोष्ट इतक्या वेळा का काढली गेली?

१९२४ नंतर १९३६, १९५६, १९६२, १९७२ आणि २००३ साली ती या ना त्या रूपात पडद्यावर आली. माझ्या मते कारण सरळ आहे. या गोष्टीतलं भूत गाऱ्हाणं घेऊन येतं. त्या मुलींना अधिकाऱ्याला मारायचं नसतं, त्यांना तक्रार नोंदवायची असते. ज्यांच्यात ऐकून घेण्याची हिंमत नव्हती ते मेले. ज्याने ऐकलं तो वाचला आणि त्यानेच न्याय केला.

दक्षिणेकडच्या मिऱ्यांग गावची आरांगची दंतकथा हीच. आरांग ही तिथल्या अधिकाऱ्याची मुलगी. तिच्यावर हात टाकणाऱ्या माणसाने तिचा खून करून प्रेत लपवलं. तिथेही नवे अधिकारी एकामागून एक मेले आणि तिथेही एकाने धीर धरून ऐकून घेतलं. आरांग त्याला म्हणाली, उद्या सगळ्यांना जमवा, मी फुलपाखरू होऊन येईन आणि ज्याच्या डोक्यावर बसेन तो खुनी. मिऱ्यांगमध्ये आजही तिचं स्मृतिमंदिर आहे.

जुने कोरियन भयपट बघताना मी हा एकच प्रश्न डोक्यात ठेवतो : या भुताचं गाऱ्हाणं काय आहे आणि ते जिवंतपणी कुणी ऐकलं नाही? उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडतं.

पांढरे कपडे आणि मोकळे केस हे सगळीकडचंच भूत नाही का?

दिसायला सारखं, पण तिथे त्या दोन्ही गोष्टींना नेमका अर्थ आहे. पांढरा पोशाख म्हणजे सोबोक, सुतकात घालायचे बिननक्षीचे कपडे. केसांचं तर अगदी आपल्या आजीला कळेल असं आहे. जुन्या कोरियात कुमारिकेची एक लांब वेणी असायची, टोकाला फीत बांधलेली. लग्न झालं की त्या केसांचा मानेवर अंबाडा बांधायचा आणि त्यात आडवी पिन खोवायची. म्हणजे बाईचे केस बघूनच ती कुणाची लेक की कुणाची बायको हे कळायचं. मोकळे सोडलेले केस यातल्या कुठल्याच घरात बसत नाहीत. पडद्यावर अशी बाई उभी राहिली की तिथल्या प्रेक्षकाला लगेच कळायचं, हिला कुठेच जागा मिळालेली नाही.

या भुताला 'चोन्यो ग्विशिन' म्हणतात, म्हणजे कुमारिकेचं भूत. चोसोन राजवटीत, १३९२ पासून पुढची पाच शतकं, कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा पगडा होता. बाईने आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं ऐकायचं. मेल्यावर तिचं श्राद्ध घालणार तिचा मुलगा. तिथे त्या विधीला 'चेसा' म्हणतात. जी लग्नाआधीच गेली तिला वाढणार कोण? पितरांच्या रांगेत तिला पाटच नाही. म्हणून अविवाहित मेलेल्या मुला-मुलींची मरणोत्तर लग्नं लावायची चालही तिथे होती. पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या आपल्या माणसांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते असं आपल्याकडे म्हणायचे, तेही याच जातीचं दुःख.

'हान' म्हणजे काय? सगळीकडे हा शब्द येतो.

मनात साचून घट्ट झालेलं दुःख, ज्याला वाट मिळालेली नाही. त्यात राग असतो, अन्यायाची जाणीव असते आणि काही करता आलं नाही ही हतबलताही असते. असं दुःख घेऊन जो मरतो त्याचा आत्मा अडकतो.

याचं सगळ्यात सुंदर रूप मला सिनेमात नाही, एका विधीत दिसतं. नैऋत्येकडच्या जिन्दो बेटावर मृताचा आत्मा धुऊन शुद्ध करण्याचा विधी करतात. त्यात एका लांब पांढऱ्या कापडाला ओळीने गाठी मारलेल्या असतात. मांत्रिक बाई गात गात ते कापड झटकते आणि एकेक गाठ सुटत जाते. प्रत्येक गाठ म्हणजे गेलेल्या माणसाची एक अडलेली गोष्ट. हा विधी कळला की कोरियन भूतकथेचा शेवट असा का होतो हे कळतं. तिथे गाठ सुटायची असते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'हान हा कोरियन माणसाचा स्वभावच आहे' असं सरसकट बोलू नये. अख्ख्या देशाला दुःखी ठरवणारी ही कल्पना विसाव्या शतकात, जपानी राजवटीच्या काळात बरीच रुजवली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात.

'हाउसमेड'मध्ये भूत नाही. मग त्याला भयपट का म्हणतात?

कारण त्या घरात मोलकरीण आल्यापासून आपल्याला धड श्वास घेता येत नाही.

किम की-यंग यांचा हा चित्रपट नोव्हेंबर १९६० मध्ये लागला. कापड गिरणीतल्या मुलींना गाणं शिकवणारा एक संगीतशिक्षक, त्याची बायको आणि दोन मुलं. बायकोने शिवणयंत्रावर रात्रंदिवस काम करून पैसे साठवले आहेत आणि त्यातून दुमजली घर उभं राहतंय. युद्धाने भाजून निघालेल्या शहरात दुमजली घर आणि पियानो म्हणजे आपण आता 'वर' आलो याची पावती. पण त्या कामाने बायको खंगली, म्हणून घरात मोलकरीण ठेवली.

त्या काळी खेड्यातल्या असंख्य मुली पोटासाठी सोलला येत. कुणी गिरणीत लागे, कुणी घरकामाला. मध्यमवर्गीय घरात त्यांना राबवून घेत आणि त्यांची भीतीही बाळगत. चित्रपटाची कल्पनाही अशाच एका वर्तमानपत्रातल्या बातमीवरून सुचली होती, आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा नवरा बायकोला पेपरातली तसलीच बातमी वाचून दाखवत असतो.

यातला उंदराचा प्रसंग लक्षपूर्वक बघा. नव्या घराच्या स्वयंपाकघरात उंदीर निघतो. मालकीण किंचाळते. मोलकरीण तो सरळ हाताने धरते. फडताळात उंदराच्या विषाची बाटली आहे आणि त्या क्षणापासून ती बाटली आपल्या डोक्यातून जात नाही. पुढे कुणीही कुणाला पाण्याचा पेला दिला की आपण त्या पेल्याकडे बघत राहतो. दिग्दर्शकाने भूत आणलं नाही, पेला आणला. आणि जांगह्वाच्या अंथरुणातला तो सोललेला उंदीर आठवा. घरच्या बाईवर घरच्याच बाईने आणलेलं संकट, आणि मध्ये उंदीर. हा धागा दिग्दर्शकाच्या मनात होता असं मी म्हणत नाही, पण मला तो दिसतो.

मग जिना. मालक आणि मोलकरीण यांचा संबंध येतो, ती गरोदर राहते, आणि मालकीण तिला शांतपणे समजावते की या जिन्यावरून स्वतःला खाली झोकून दे. मूल पडतं. इथून पुढे मोलकरीण जे करते ते भयंकर आहे, पण तिचं गाऱ्हाणं खोटं नाही. तिचं मूल गेलं आणि घराची अब्रू राहिली. बाहेर बोभाटा झाला तर नवऱ्याची नोकरी जाईल, म्हणून आता सगळं घरच तिच्या मुठीत येतं. प्रेक्षकांतल्या बायका तिला मारा, मारा म्हणून ओरडायच्या, अशी आठवण सांगितली जाते. ली उन-शिम या अभिनेत्रीने तो राग ओढवून घेतला, एवढं तिचं काम जिवंत आहे. घरातल्या लहान मुलाचं काम करणारा पोरगा म्हणजे आन संग-गी, पुढे कोरियातला अत्यंत लाडका नट झाला.

किम की-यंग आणि किम की-डुक हे एकच का?

नाही. किम की-डुक खूप नंतरचे. किम की-यंग हे शिक्षणाने दंतवैद्य. युद्धकाळात त्यांनी अमेरिकनांसाठी माहितीपट केले आणि १९५५ पासून कथापट काढू लागले. 'हाउसमेड'ची गोष्ट त्यांना आयुष्यभर सोडेना. १९७१ साली त्यांनी ती 'वुमन ऑफ फायर' म्हणून पुन्हा केली, १९८२ साली आणखी एकदा. १९७१च्या चित्रपटातून मोठ्या पडद्यावर आलेल्या युन यो-जंग यांना २०२१ साली 'मिनारी'साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा मंचावरून त्यांनी आपल्या या पहिल्या दिग्दर्शकाचे आभार मानले. ते भाषण पाहताना माझा गळा दाटून आला होता.

ऐंशीच्या दशकात ते विस्मृतीत गेले होते. नव्वदच्या दशकात तरुण सिनेवेड्यांनी त्यांना शोधून काढलं, १९९७च्या बुसान महोत्सवात त्यांचे चित्रपट एकत्र दाखवले गेले. पाठोपाठ बर्लिनहून बोलावणं आलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये, बर्लिनला निघण्याच्या अगदी तोंडावर, घराला आग लागून ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही गेले.

सासू आणि सावत्र आई यांनाच एवढं वाईट का दाखवतात?

घराची सत्ता पुरुषाकडे असली तरी ती राबवायचं काम म्हाताऱ्या बाईकडे असायचं. सून मुलगा देते की नाही, तिचं वागणं कुळाला शोभतं की नाही, याचा निवाडा सासू करायची. नवऱ्याने बायकोला टाकण्याची सात कारणं रूढीने मान्य होती, त्यात मुलगा न होणं आणि सासू-सासऱ्यांचं न ऐकणं ही दोन्ही होती. तेव्हा भूत पहिल्यांदा कुणाच्या खोलीत जाणार, हे उघड आहे.

ली यंग-मिन यांचा १९६५चा 'सालिन्मा' यासाठी जरूर बघावा. एक माणूस चित्रांच्या प्रदर्शनाला जातो. दालन रिकामं, आणि भिंतीवर त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं चित्र. मग कळतं की तिला घरातल्याच बायकांनी कट करून मारलं होतं आणि तिच्या मांजरीने तो सूड घेतला आहे. मांजर सासूच्या अंगात शिरलेलं असतं. ती नातवंडांना जवळ घेते आणि मांजर पिल्लाला चाटतं तशी जिभेने चाटायला लागते. तंत्र अगदी साधं, पण आजीच्या कुशीइतकी सुरक्षित जागाच काढून घेतल्यावर उरतं काय?

१९६७चा 'वोल्हाची स्मशानभूमी' हा त्याच घराण्यातला, क्वोन चोल-ह्वी यांचा. त्यात कबर दुभंगून बाई वर येते तो प्रसंग कोरियात आजही लोकांच्या तोंडी आहे. ती नाइलाजाने गिसेंग, म्हणजे गाणारी-नाचणारी कलावंतीण, झालेली बाई. लग्न करून घरात आली, घरातच तिच्याविरुद्ध डाव रचला गेला, आणि ती परत येते ती मागे राहिलेल्या बाळासाठी. १९८६चा 'येओगोकसोंग' हा या परंपरेतला शेवटचा मोठा चित्रपट. वाड्यातल्या विधवा सुना, घरावर जुना शाप आणि वाडग्यातल्या शेवयांच्या अळ्या होतात तो प्रसंग. जेवताना बघू नये.

नऊ शेपट्यांची कोल्हीण कोण?

गुमिहो. हजार वर्षं जगलेली कोल्हीण बाईचं रूप घेते आणि माणसाचं काळीज किंवा यकृत खाते. कल्पना मुळात चीनकडून आलेली, जपानमध्येही आहे. कोरियन गोष्टींत तिला बरेचदा माणूस व्हायचं असतं आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी वचन मोडतं, म्हणून तिची दया येते. शिन सांग-ओक यांच्या १९६९च्या 'हजार वर्षांची कोल्हीण' या चित्रपटात सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याची राणी एका सेनापतीवर भाळते आणि त्याच्या बायकोला हाकलून देते. ती बायको तळ्यात उडी घेते आणि तळ्यातली कोल्हीण तिच्या अंगात शिरते. पुन्हा तळं, पुन्हा अन्याय झालेली बाई.

या शिन सांग-ओक यांचं आयुष्य त्यांच्या कुठल्याही चित्रपटाहून विलक्षण आहे. १९७८ साली आधी त्यांची घटस्फोटित पत्नी, अभिनेत्री चोइ ऊन-ही, आणि मग ते स्वतः उत्तर कोरियाच्या ताब्यात गेले. तिथले पुढचे सत्ताधीश, सिनेमावेडे किम जोंग-इल यांना आपल्या देशासाठी चांगला दिग्दर्शक हवा होता. तिथे त्यांनी १९८५ साली 'पुल्गासारी' हा लोखंड खाणाऱ्या राक्षसाचा चित्रपट केला. १९८६ साली दोघं व्हिएन्नात निसटले.

मुदांग म्हणजे आपल्याकडचा भगत का?

जवळपास, पण मुदांग बहुतेक करून बाई असते. देव किंवा पितर तिच्या अंगात येतात, ती ढोल-झांजांच्या गजरात नाचते आणि मेलेल्या माणसाच्या तोंडचं बोलते. या विधीला 'गूत' म्हणतात. घरात, दरबारात कुणी ऐकलं नाही ते गाऱ्हाणं मुदांगच्या तोंडून अखेर बोललं जातं. कोकणात जत्रेत अवसर येताना पाहिलेल्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

गंमत म्हणजे पडद्यावर मुदांग रंगत होती तेव्हाच सरकार तिच्यामागे लागलं होतं. १९७० पासून लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत 'नवं गाव' ही मोहीम चालली. कौलं बदलली, रस्ते झाले, आणि अंधश्रद्धा म्हणून गावोगावची देवस्थानं आणि विधीही मोडीत काढले गेले. १९७७चा किम की-यंग यांचा 'इओदो' याच काळातला. पाणबुड्या बायकांचं बेट, समुद्रात बेपत्ता झालेला माणूस आणि त्याचं प्रेत परत मागणारी मुदांग. शेवट फार धक्कादायक आहे, त्याविषयी गप्प राहतो.

१९८१चा 'सडनली इन द डार्क' मला याहूनही आवडतो. फुलपाखरांचा अभ्यासक नवरा परगावाहून एक तरुण अनाथ मुलगी घरकामाला घेऊन येतो. ती मुदांगची मुलगी, तिच्याकडे आईची एक लाकडी बाहुली. मालकिणीला संशयाने घेरलंय की खरंच काही आहे, हे दिग्दर्शक को यंग-नाम शेवटपर्यंत कळू देत नाहीत. 'हाउसमेड'चीच गोष्ट, पण या वेळी वेड मालकिणीच्या बाजूला.

सेन्सॉरमधून हे सगळं सुटलं कसं?

१९६१च्या लष्करी उठावानंतर १९६२ साली चित्रपट कायदा आला. पटकथा आधी तपासली जायची आणि तयार चित्रपटही. गरिबी, सरकार, उत्तर कोरिया यांवर सरळ बोलणं धोक्याचं होतं. त्या मानाने राजेशाहीच्या काळातली भूतकथा निरुपद्रवी वाटे, आणि तिच्यात घरातल्या जुलमाविषयी बरंच बोलून घेता येई. किंमतही मोजावी लागली. ठरावीक संख्येने चित्रपट काढणाऱ्यांनाच परदेशी चित्रपट आयात करता येत, म्हणून घाईघाईने उरकलेले चित्रपट ढिगाने निघाले. १९९६ साली तिथल्या संवैधानिक न्यायालयाने पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली.

तिकडे भयपट उन्हाळ्यात का लागतात?

अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणून! कोरियाचा जुलै-ऑगस्ट दमट आणि असह्य असतो. टीव्हीवरही या दिवसांत भुतांचे खास कार्यक्रम लागत. त्यातली सगळ्यात गाजलेली मालिका 'दंतकथांचं माहेर', केबीएस या सरकारी वाहिनीवर १९७७ ते १९८९. तिच्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नवरा मरणपंथाला लागलेला. कुणीतरी बायकोला सांगतं, ताज्या प्रेताचा पाय उकळून पाज, बरा होईल. ती पावसाळी रात्री स्मशानात जाते, पाय कापते आणि पळते. मागून प्रेत एका पायावर उड्या मारत येतं आणि ओरडतं, 'माझा पाय दे!' ती धापा टाकत घरी पोचते आणि पाय उकळत्या पातेल्यात टाकते. सकाळी बघते तर पातेल्यात माणसाच्या आकाराचं रानटी जिनसेंगचं मूळ. पन्नाशीतल्या कोरियन माणसासमोर 'माझा पाय दे' एवढंच म्हटलं तरी तो लगेच ओळखतो.

हे सगळं जपानी भयपटांवरूनच घेतलेलं नाही का?

काही प्रमाणात घेतलं. 'सालिन्मा'तली मांजर जपानी भूत-मांजरीची नातलग आहे. पण १९४५ नंतर जपानी चित्रपट कोरियात अधिकृतपणे दाखवायला बंदी होती, ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठली. पाश्चात्त्य प्रभावही आहे. ली मान-ही यांचा १९६४चा 'डेव्हिल्स स्टेअरवे' हा इस्पितळातला खूनपट फ्रेंच रहस्यपटांच्या वळणावर जातो, आणि त्यातलं लाकडी जिन्याचं छायाचित्रण आजही थक्क करतं.

आजच्या चित्रपटांत यातलं काय उतरलं?

१९९८चा 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' मुलींच्या शाळेत घडतो. सासूच्या जागी मारकुट्या शिक्षिका, सुनेच्या जागी विद्यार्थिनी. भूत वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसतंय आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण गप्प मुलीकडे कोण बघतं? २००३ साली किम जी-उन यांनी जांगह्वा-होंगर्यनची गोष्ट आजच्या घरात आणली. 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स'. तिथे गाऱ्हाणं ऐकायला कुणी अधिकारी येत नाही, सगळं त्या मुलीच्या डोक्यातच कोंडलेलं राहतं. बोंग जून-हो यांनी 'पॅरासाइट'वर 'हाउसमेड'चं ऋण असल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. तो जिना आता ओळखू येईल.

२०१६चा 'द वेलिंग' आणि २०२४चा 'एक्झुमा' यांनी मुदांगला पुन्हा मधोमध आणलं. 'एक्झुमा' कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी चित्रपटगृहात पाहिला. त्यात एक कबर उकरली जाते आणि खालून जपानी राजवटीचं भूत निघतं. जपान्यांनी कोरियाच्या डोंगरांत लोखंडी मेखा ठोकून भूमीची शक्ती तोडली, ही तिथली जुनी वदंता त्यामागे आहे. एका बाईचं गाऱ्हाणं इथे अख्ख्या जमिनीचं झालं.

हे चित्रपट आज कुठे बघता येतील, आणि सुरुवात कुठून करू?

सोलच्या कोरियन फिल्म अर्काइव्हने यूट्यूबवर जुन्या कोरियन चित्रपटांची वाहिनी चालवली आहे. फुकट आहे आणि बहुतेकांना इंग्रजी उपशीर्षकं आहेत. आधी 'हाउसमेड', मग 'सालिन्मा', मग 'सडनली इन द डार्क'. 'इओदो' सगळ्यात शेवटी, आणि यातले कुठलेच लहान मुलांना दाखवू नका.

'हाउसमेड'ची मूळ निगेटिव्ह सापडली तेव्हा त्यातली दोन रिळं गायब होती. पुढे एक जुनी प्रत मिळाली, तिच्यात ती रिळं होती, पण चित्रावरच हाताने लिहिलेली मोठाली इंग्रजी उपशीर्षकं होती. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने २००८ साली जीर्णोद्धार झाला, तेव्हा तंत्रज्ञांनी ती अक्षरं चित्रातून पुसली आणि त्यांच्याखाली झाकलेला भाग नव्याने भरून काढला. पाहताना मध्येच चित्राचा पोत बदलतो, कडा किंचित धूसर होतात. ती तीच रिळं. तिथे क्षणभर थांबवून पडद्याच्या खालच्या भागाकडे नीट बघा.